अप्पासाहेब पटवर्धन : कणकवलीच्या गोपुरीत घडलेला संडास

तुमच्या घरच्या संडासातला मैला शेवटी कुठे जातो, हे तुम्हाला नक्की माहीत आहे का? बहुतेक जण ‘टाकीत’ म्हणून मोकळे होतात. पण टाकीतून पुढे कुठे जातो, टाकी भरली की ती कोण उपसतो, आणि टाकीपासून विहीर किती अंतरावर आहे, असे विचारले की उत्तर अडखळते. सिंधुदुर्गात एक माणूस याच प्रश्नांच्या मागे जवळजवळ चाळीस वर्षे लागला होता. त्यांचे नाव सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन. लोक त्यांना अप्पासाहेब म्हणत, आणि कोकणाबाहेर ते ‘कोकणचे गांधी’ म्हणून ओळखले गेले.

स्वातंत्र्यसैनिक, आश्रमवासी, गांधीजींच्या आत्मकथेचे मराठी भाषांतरकार अशी त्यांची ओळख तुम्ही ऐकली असेल. या संकेतस्थळावर त्यांच्याविषयी लिहिण्याचे कारण वेगळे आहे. कोकणातल्या पावसात आणि जमिनीत टिकेल, कमी खर्चात बांधता येईल, आणि ज्याची सफाई करायला दुसऱ्या माणसाला हात घालावा लागणार नाही असा संडास तयार करण्यासाठी त्यांनी प्रयोग केले. शोध म्हटला की आपल्याला प्रयोगशाळा आठवते, यंत्रे आठवतात. इथे होते जांभ्याचे चिरे, माती, राख आणि पाचोळा. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने मात्र हा शोध कुठल्याही औषधाइतकाच महत्त्वाचा होता, असे माझे मत आहे.

टोपलीचा संडास

आज चाळिशीच्या आतल्या वाचकांना टोपलीचा संडास काय असतो हे माहीत असण्याचे कारण नाही. जुन्या गावठाणात, शहरांत आणि बाजारपेठेच्या गावांत घराच्या मागच्या बाजूला थोडी उंच बांधलेली खोली असे. बसायच्या भोकाखाली टोपली किंवा डबा ठेवलेला असे. मागच्या बाजूला एक लहान दार. सकाळी ठरावीक जातीची बाई किंवा पुरुष येऊन ते दार उघडायचे, टोपली ओढायचे, मैला दुसऱ्या भांड्यात रिकामा करायचे आणि तो डोक्यावरून वाहून न्यायचे. पावसाळ्यात टोपलीतले पाणी अंगावर गळे. आपल्या घराचा मैला कोण नेतो हे घरच्यांना माहीत असे, पण त्या माणसाकडे पाहण्याचा प्रघात नव्हता.

खेड्यांत हाही प्रकार नव्हता. लोक परसाकडे जात, म्हणजे माडाच्या बागेत, व्हाळाच्या काठी, किनाऱ्याच्या गावांत सरळ पुळणीवर. भरती आली की सगळे धुऊन जाते अशी समजूत.

डॉक्टर म्हणून या दोन्ही पद्धतींकडे पाहिले तर फरक थोडाच आहे. उघड्या मैल्यावर माशी बसते आणि तीच माशी भातावर बसते. पावसाचे पाणी मैला घेऊन विहिरीत उतरते. पटकी, विषमज्वर, हगवण, कावीळ (‘अ’ आणि ‘ई’ प्रकारची) हे सगळे आजार विष्ठेतून तोंडात या एकाच वाटेने येतात. अंकुशकृमीची वाट निराळी. त्याची अंडी विष्ठेतून जमिनीवर पडतात, ओलसर आणि सावलीच्या जागी एकदोन दिवसांत फुटतात, आणि साधारण आठवडाभरात तयार झालेली अळी अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. उबदार हवा, ओली माती, झाडांची सावली. कोकणातली बाग म्हणजे या अळीसाठी मुद्दाम केलेली सोयच. आतड्याला चिकटलेला मोठ्या जातीचा एक कृमी दिवसाला सुमारे ०.२ मिलिलिटरपर्यंत रक्त पितो. पोटात असे शंभर कृमी असले तर रोज जवळजवळ चार चमचे रक्त जाते. बागेत अनवाणी राबणाऱ्या बायका पांढऱ्याफटक आणि दम लागणाऱ्या का असतात, याचे एक मोठे उत्तर इथे आहे.

टोपली वाहणाऱ्या माणसाला यातले सगळेच आजार होण्याचा धोका असे, आणि तो रोज असे.

पुण्यातून साबरमतीकडे

अप्पासाहेबांचा जन्म १८९४ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातला. तेव्हा सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा नव्हता. तो १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला. घर ब्राह्मणाचे, मुलगा अभ्यासात हुशार, पुण्यात शिक्षण. सुखाने प्राध्यापकी करून निवृत्त व्हायचे असे आयुष्य समोर दिसत होते. ते सोडून ते गांधीजींकडे साबरमतीच्या आश्रमात गेले. आश्रमाचा एक नियम नव्या माणसाला फार जड जाई. आपला संडास आपणच साफ करायचा, त्यासाठी कुणी नोकर नाही. घरी ताटसुद्धा न उचललेल्या शिकलेल्या मुलांची पहिली परीक्षा तिथेच होई. अप्पासाहेबांनी ते काम नुसते निभावून नेले असे नाही, पुढच्या आयुष्याचा विषय त्यांना त्यात मिळाला.

पुढे ते कोकणात परतले आणि खादी, अस्पृश्यता निवारण, ग्रामसेवा या कामांत शिरले. मिठाच्या सत्याग्रहाच्या काळात शिरोड्याच्या मिठागरांवर मोठा लढा झाला, तो तुम्ही शाळेत वाचला असेल. त्या वर्षांत कोकणातल्या इतर कार्यकर्त्यांसारखे अप्पासाहेबही तुरुंगात गेले.

रत्नागिरीचा तुरुंग, १९३२

ही गोष्ट जरा सावकाश सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे.

तुरुंगातही संडास टोपलीचेच होते, आणि ते साफ करण्याचे काम ठरावीक जातीच्या कैद्यांकडेच देण्याचा नियम होता. बाहेरची जातव्यवस्था सरकारी नियमावलीत जशीच्या तशी उतरली होती. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात असताना अप्पासाहेबांनी अधिकाऱ्यांकडे मागणी केली, की हे काम मला करू द्या. अधिकाऱ्यांना ती चमत्कारिक वाटली असणार. कैदी हलके काम मागतात, चांगले जेवण मागतात. इथे एक सुशिक्षित ब्राह्मण मैला उपसायची परवानगी मागत होता. परवानगी मिळाली नाही. अप्पासाहेबांनी अन्न सोडण्याचा मार्ग धरला.

ही बातमी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींपर्यंत पोहोचली. पुणे कराराचा उपवास सुटून तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते आणि त्यांची प्रकृती पुरती सावरलेली नव्हती. तरीही ३ डिसेंबर १९३२ ला त्यांनी अप्पासाहेबांच्या मागणीला पाठिंबा म्हणून उपवास सुरू केला. सरकारने नियमाचा फेरविचार करण्याचे आश्वासन दिले आणि दुसऱ्या दिवशी तो सुटला. संडास साफ करण्याच्या हक्कासाठी दोन तुरुंगांत दोन माणसे उपाशी राहिली, आणि साम्राज्याच्या सरकारला त्याची दखल घ्यावी लागली.

हा प्रसंग बहुतेक ठिकाणी त्यागाची कथा म्हणून सांगितला जातो. मला त्यात दुसरे काही दिसते. अप्पासाहेबांची मागणी मान्य झाली तरी टोपली तिथेच राहणार होती. ती उचलणारा हात बदलला असता, इतकेच. एका माणसाने स्वेच्छेने मैला वाहिला म्हणून बाकीच्यांच्या डोक्यावरची टोपली उतरत नाही, आणि टोपलीवर बसणारी माशीही कमी होत नाही. अप्पासाहेबांचे पुढचे काम पाहिले तर ही गोष्ट त्यांच्या पुरती लक्षात आली असावी असे वाटते. लोकांचे मन बदलण्याचा प्रयत्न त्यांनी सोडला नाही. पण त्याच्या जोडीने त्यांनी संडासाची रचनाच हातात घेतली. ज्या संडासाला उपसणारा माणूस लागतो, तो संडास माणसांत एक जात तयार करतो. तेव्हा उपसणारा माणूस लागणारच नाही असा संडास हवा.

गोपुरी

१९४८ मध्ये कणकवलीजवळ गड नदीच्या काठाला अप्पासाहेबांनी गोपुरी आश्रम सुरू केला. मुंबई-गोवा महामार्गावरून जाताना वागद्याच्या बाजूला तो तुम्ही पाहिला असेल. इथे दोन कामे मुख्य होती, आणि दोन्ही समाजाने नाक मुरडलेली. पहिले मेलेल्या जनावरांचे. कातडे सोलायचे, हाडे-मांस खतासाठी वापरायचे, काहीही वाया जाऊ द्यायचे नाही. दुसरे माणसाच्या मैल्याचे.

गड नदी पुढे मालवणच्या उत्तरेला कालावलच्या खाडीतून समुद्राला मिळते. वरच्या गावांनी नदीत जे सोडले ते खालच्या गावांच्या वाट्याला येते. किनाऱ्याजवळ राहणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.

कोकणात संडास बांधणे देशावरच्यापेक्षा अवघड का, तेही समजून घ्या. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये विहिरीचे पाणी हाताने घेता येईल इतके वर येते. अशा वेळी जमिनीत खोल खड्डा खणला तर त्यात पाणी भरते, मैला तरंगतो, खड्डा ढासळतो. जांभा दगड वरून घट्ट दिसतो, पण आतून पोकळ्यांनी आणि फटींनी भरलेला असतो. त्यातून घाण पाणी गाळले न जाता सरळ लांब वाहत जाते. मालवण-देवबागच्या बाजूला तर निव्वळ वाळू. तिथे गोडे पाणी वरच्या थरात, थोड्याच खोलीवर, आणि त्याखाली खारे.

म्हणून गोपुरीच्या संडासाची कल्पना खणण्याऐवजी बांधण्याकडे झुकली. जमिनीच्या वर एकमेकांना लागून दोन कप्पे. एका वेळी एकच वापरायचा. प्रत्येक वेळी मैल्यावर माती, राख किंवा पाचोळा टाकायचा. एक कप्पा भरला की तो बंद करून दुसरा सुरू करायचा. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातल्या मैल्याचे खत होते. मग मागच्या बाजूने ते काढायचे आणि शेतात टाकायचे. काढताना हातात येते ती काळसर, भुसभुशीत, मातीचा वास असलेली वस्तू. जुन्या शेतकऱ्यांनी तिला फार पूर्वीच नाव दिले होते, सोनखत.

वाचायला हे इतके सोपे वाटते, की यात शोध कसला, असे तुम्ही म्हणाल. थोडे थांबा. राख आणि पाचोळा घातल्याने ओल कमी होते, म्हणून वास येत नाही आणि माशीला अंडी घालायला जागा मिळत नाही. सैल थरात हवा खेळते, म्हणून सडण्याऐवजी कुजण्याची क्रिया होते. आणि दुसरा कप्पा असल्यामुळे पहिल्याला वेळ मिळतो. या सगळ्यात खरे औषध म्हणजे वेळ. आतड्यात वाढणारे बहुतेक जंतू शरीराबाहेर, कोरड्या वातावरणात फार काळ तग धरत नाहीत. काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत ते मरतात. दोन कप्प्यांची युक्ती म्हणजे मैला आणि माणसाचा हात यांच्यात महिन्यांचे अंतर घालण्याची युक्ती. आज सरकारी योजनेत दोन शोषखड्ड्यांचा जो संडास सुचवतात, त्यातही हेच तत्त्व आहे, फक्त तो पाण्यावर चालतो.

शंका घेणारे

विरोध अडाणी लोकांनी केला असे समजू नका. शंका सगळीकडून आल्या, आणि त्यातल्या काही रास्त होत्या.

घराजवळ संडास म्हणजे घरात विटाळ, ही सर्वांत मोठी अडचण होती. संडास लांब, दक्षिणेला, नजरेआड असावा, ही रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. त्या घाणीचे खत करून त्याच शेतात भाजी लावायची, हे ऐकूनच अनेकांना शिसारी येई. शिकलेल्यांचे म्हणणे निराळे. हा तात्पुरता, गरिबांचा उपाय आहे, खरी सुधारणा म्हणजे विलायती भांडे, नळ आणि गटार. गावोगावी नळ कधी येणार, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. आणि ज्यांच्या डोक्यावर टोपली होती, त्यांच्यातही धास्ती असणे साहजिक होते. टोपली गेली तर पोटाचे काय? अप्पासाहेबांच्या चळवळीला ‘भंगीमुक्ती’ म्हणत. त्यातल्या पहिल्या शब्दाने आज कोणाही माणसाला हाक मारू नये, पण चळवळीचे नाव इतिहासात तेच आहे. मुक्ती म्हणजे रोजगार जाणे नव्हे, हे पटवून देण्यासाठी दुसरे काम उभे करावे लागते, आणि गोपुरीतल्या उद्योगांमागे तीही दृष्टी होती.

अप्पासाहेबांची शंकेला उत्तर देण्याची पद्धत मला डॉक्टर म्हणून आवडते. व्याख्यान देण्याऐवजी ते स्वतः करून दाखवत. जनावर स्वतः सोलत, संडास स्वतः साफ करत, खत स्वतः काढत. लोकांची शंका मुळात रचनेविषयी नव्हती, स्पर्शाविषयी होती. तिला आकृती काढून उत्तर देता येत नाही. ज्याने हात घातला तो आजारी पडला नाही, त्याचे काही बिघडले नाही, आणि त्याच्या हातातल्या खताला वास येत नाही, हे डोळ्यांनी दिसावे लागते. लस घ्यायला बिचकणाऱ्या गावात आरोग्यसेविका आपल्या मुलाला आधी टोचून घेते, तसाच हा प्रकार.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने सांगायला हवी. त्या काळच्या सोनखताविषयीचा विश्वास आजच्या ज्ञानाला जसाच्या तसा मान्य नाही. गोलकृमीची अंडी फार चिवट असतात. ओल्या मातीत ती वर्षानुवर्षे जिवंत राहू शकतात. म्हणून आज आपण सांगतो, की आपल्यासारख्या उबदार हवेतही बंद केलेला कप्पा निदान एक वर्ष उघडू नये. खत माडाला, आंब्याला, काजूला घालावे. पालेभाजी, मुळा, गाजर यांना घालू नये. काढताना हातमोजे आणि बूट घालावेत. कप्प्यात पाणी शिरू देऊ नये. पावसात छप्पर गळत असेल तर सगळी क्रिया बिघडते.

गॅसचा प्रयोग आणि देहूचा डॉक्टर

कप्प्यांवर अप्पासाहेब थांबले नाहीत. शेणापासून जळणाचा गॅस मिळतो, मग मैल्यापासून का मिळू नये, असा प्रश्न घेऊन त्यांनी गोपुरीत संडासाला जोडलेल्या गॅससंयंत्राचे प्रयोग केले. तत्त्व सोपे आहे. हवा लागू न देता मैला बंद टाकीत ठेवला तर जिवाणू त्याचे विघटन करतात आणि मिथेन तयार होतो. पण त्या गॅसवर चहा करायचा म्हटल्यावर पुन्हा तोच विटाळ. गॅसला जात नसते आणि जंतूही नसतात, हे पटायला लोकांना वेळ लागला. मला वाटते, अजून पुरते पटलेले नाही.

गांधी स्मारक निधीच्या सफाईच्या आणि भंगीमुक्तीच्या कामातूनही अप्पासाहेबांचे विचार कोकणाबाहेर गेले. पण ते सर्वांत खोल रुजले ते एका डॉक्टरमुळे, पुण्याजवळच्या देहूत.

डॉ. मापुस्कर हे देहूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तरुणपणी रुजू झाले. संत तुकारामांचे गाव, वारकऱ्यांची रीघ, आणि गावात संडास जवळजवळ नाहीतच. दवाखान्यात येणारे बहुतेक रुग्ण जंतांचे, हगवणीचे, काविळीचे. औषध द्यायचे, रुग्ण बरा होऊन जायचा आणि काही आठवड्यांनी तोच आजार घेऊन परत यायचा. गावात जिल्हा पातळीवर काम केलेल्या कोणत्याही डॉक्टरला हे चक्र ओळखीचे आहे. त्यांनी गावकऱ्यांच्या मागे लागून संडास बांधायला लावले, तर ते पावसात ढासळले. इथे एखादा डॉक्टर पुन्हा औषधाच्या गोळ्यांकडे वळला असता. मापुस्करांना अप्पासाहेब भेटले, आणि त्यांच्याकडून कमी खर्चाच्या, टिकाऊ संडासाची दृष्टी मिळाली. मैल्यावर चालणारे गॅससंयंत्रही अप्पासाहेबांच्या कल्पनेवरून त्यांनी पुढे विकसित केले. ‘मलप्रभा’ या नावाने ते ओळखले जाते.

अप्पासाहेब १९७१ मध्ये वारले. मैल्यावरच्या गॅसची त्यांची कल्पना गावोगाव कामाला लागलेली त्यांनी पाहिली नाही. मापुस्करांनी देहूत जी संस्था उभी केली तिला अप्पा पटवर्धन यांचे नाव दिले, आणि जवळजवळ पाच दशके ते हेच काम करत राहिले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. डोक्यावरून मैला वाहून नेण्याला देशात कायद्याने बंदी आली ती १९९३ मध्ये, आणि तिला जास्त धार आली २०१३ च्या कायद्याने. रत्नागिरीच्या तुरुंगातल्या त्या उपवासानंतर अनुक्रमे एकसष्ट आणि एक्याऐंशी वर्षांनी.

सिंधुदुर्गात आज

२०१६ मध्ये केंद्र सरकारच्या ग्रामीण स्वच्छता सर्वेक्षणात सपाट प्रदेशातल्या जिल्ह्यांमध्ये सिंधुदुर्ग पहिला आला. जिल्ह्याने त्याचा आनंद मानला, आणि ते योग्यच. उघड्यावर जाणे जवळपास संपले. पण संडास असणे आणि मैल्याची नीट विल्हेवाट लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आता बहुतेक घरांत सेप्टिक टँक आहे, आणि अनेकांचा समज असा की त्या टाकीत मैला शुद्ध होतो. तसे होत नाही. टाकीत फक्त जड भाग तळाला बसतो. वरून बाहेर पडणाऱ्या पाण्यात जंतू भरपूर असतात. ते पाणी शोषखड्ड्यात जायला हवे. ते गटारात, व्हाळात किंवा बागेत उघडे सोडले असेल तर तुम्ही घरात संडास बांधून मैला पुन्हा उघड्यावरच टाकत आहात.

मालवण, तारकर्ली, देवबागच्या पट्ट्यात घरोघरी पाहुण्यांच्या खोल्या झाल्या आहेत. चार माणसांसाठी बांधलेली टाकी हंगामात वीस माणसांचा भार घेते. टाकीत मैला बसायला वेळच मिळत नाही, तो तसाच पुढे जातो. वाळूतून तो विहिरीपर्यंत पोहोचायला फार दिवस लागत नाहीत. तुमच्याकडे असा व्यवसाय असेल तर पाहुण्यांच्या संख्येप्रमाणे टाकी वाढवा. त्यासाठी ग्रामपंचायतीच्या किंवा पंचायत समितीच्या अभियंत्याचा सल्ला घ्या. शोषखड्डा आणि विहीर यांच्यात निदान दहा मीटर अंतर हवे. जांभ्यात आणि भरड वाळूत त्याहून जास्त ठेवा, आणि खड्डा विहिरीच्या उताराच्या वरच्या अंगाला कधीही नको. पाणी पावसाळ्यात खड्ड्याच्या तळापर्यंत चढत असेल तर खोल खड्ड्याऐवजी जमिनीवरची रचना बरी.

टाकी दोन-तीन वर्षांनी गाडी बोलावून उपसून घ्या. पैसे वाचवण्यासाठी कोणालाही आत उतरवू नका, स्वतःही उतरू नका. टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साठतो. हायड्रोजन सल्फाइड जास्त असला तर एकदोन श्वासांत माणूस बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो. सुरुवातीला येणारा कुजक्या अंड्यासारखा वास काही वेळाने येईनासा होतो, कारण हा वायू वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. वास गेला म्हणजे धोका गेला, असे समजू नका. संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणे हा गुन्हाही आहे.

बागेत काम करताना चप्पल किंवा बूट घाला. जंतांची गोळी मुलांना शाळेत आणि अंगणवाडीत मिळते, ती चुकवू देऊ नका. मात्र गोळीने पोटातले जंत जातात, जमिनीतले जात नाहीत. घरातल्या कोणाला सतत थकवा, दम, फिकटपणा, माती खावीशी वाटणे असे होत असेल तर हिमोग्लोबिन आणि विष्ठा तपासून घ्या. पावसाळ्यानंतर एकाच वाडीतल्या दोन-तीन घरांत कावीळ किंवा हगवण दिसली तर आरोग्य केंद्राला लगेच कळवा, पाणी उकळून प्या आणि विहिरीचे पाणी तपासायला द्या.